शंभरच्या पेट्रोलचा हिशोब

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव, सहाही तालुक्यांतल्या गटांच्या ताया, मावश्या, वहिनी, सगळ्यांना आमचा रामराम. भाकरी थापता थापता ऐकत असाल, मिरचीची देठं खुडता खुडता ऐकत असाल, तर हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आपण पेट्रोलबद्दल बोलणार आहोत.

कोणी म्हणेल, "पेट्रोल हा बायांचा विषय आहे का? गाडी पुरुष चालवतात, पंपावर पुरुष जातात." आम्हालाही बरेच दिवस असंच वाटायचं. गटाच्या बैठकीत बचत, कर्ज, परतफेड, शेळ्या, बियाणं एवढंच बोलणं व्हायचं. पण एका वर्षी बचत मागे पडायला लागली. दर महिन्याला न चुकता शंभर रुपये भरणाऱ्या ताया पन्नासच पुढे करायला लागल्या. विचारलं तर उत्तर एकच, "काय करू ताई, पैसा पुरतच नाही." कुठे जातो ते मात्र कोणालाच नीट सांगता येईना. तेल, डाळ, साबण, शाळेची वही, औषध, सगळ्यांची नावं निघाली. पेट्रोलचं नाव कोणीच घेतलं नाही, कारण पेट्रोलचे पैसे आपल्या हातून जातच नाहीत. ते घरच्या माणसाच्या खिशातून जातात, आणि शंभर-शंभर करून जातात.

एका ताईचा दंड

आमच्या गटातल्या एका तरुण सुनेची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, पण तिची परवानगी घेऊनच सांगतोय. तिचा पाडा रस्त्यापासून आत आहे. सातवा महिना चालू होता. बैठकीला ती एकदा आली नाही, दुसऱ्यांदाही आली नाही. नियमाप्रमाणे आम्ही तिला गैरहजेरीचा दहा रुपये दंड लावला आणि वहीत लिहून मोकळ्या झालो. का आली नाही, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

तिसऱ्या बैठकीला ती चालत आली. पाय सुजलेले, तोंडही सुजलेलं, डोकं दुखतंय म्हणत होती. आम्ही विचारलं, "तपासणीला गेली होतीस का?" म्हणाली, "दोन महिन्यांपासून नाही. हे म्हणतात पेट्रोल महाग झालंय, पुढच्या महिन्यात जाऊ." तालुक्याचं गाव तिथून वीस किलोमीटर. त्याच आठवड्यात घरची गाडी तीनदा तालुक्याला जाऊन आली होती. एकदा मोबाईलची काच बसवायला, एकदा मित्राला सोडायला, एकदा बाजाराला. नवरा वाईट माणूस नाही, दारूडाही नाही. फक्त पेट्रोल कमी पडलं तेव्हा कोणती फेरी आधी आणि कोणती नंतर, हे त्या घरात कधी बोलून ठरलंच नव्हतं. न बोलता जे ठरतं, त्यात बाईची फेरी शेवटी जाते.

आशाताईला बोलावलं, तिने १०२ ला फोन लावला, गाडी आली. रक्तदाब फार वाढलेला निघाला आणि लगेच भरती करून घेतलं. पुढे बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप घरी आली. पण त्या दिवशी ती बैठकीला चालत आली नसती तर काय झालं असतं, याचा विचार केला की आजही आमच्या अंगावर काटा येतो. तिचा दंड आम्ही परत केला. आणि ठरवलं, की यापुढे गटात पेट्रोलचाही हिशोब मांडायचा.

दर का वाढतो?

आधी हे समजून घेऊ. पेट्रोल ज्या कच्च्या तेलापासून होतं, ते आपल्या देशात फार थोडं निघतं. शंभर भाग लागतं त्यातलं पंच्याऐंशीपेक्षा जास्त आपण बाहेरच्या देशांतून विकत आणतो, तेही डॉलरमध्ये. म्हणून दूर कुठे लढाई पेटली की तेल महागतं, आणि आपला रुपया डॉलरपुढे पडला तरी महागतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेनची लढाई सुरू झाली. ते देश कुठे आणि आपला सातपुडा कुठे, पण त्याची झळ धडगावच्या फटफटीलाही लागली.

दुसरा भाग कराचा. पेट्रोलवर केंद्र सरकारचा अबकारी कर असतो. तो लिटरमागे ठरलेला असतो. त्यावर राज्याचा व्हॅट असतो आणि तो शेकड्यावर असतो. आपल्या राज्यात जुलै २०२४ पासून सगळीकडे पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा हिशोब ठरला. शेकड्याचा कर म्हणजे काय? मूळ किंमत आठ रुपयांनी वाढली, तर कर धरून पंपावर जवळपास दहा रुपये वाढतात. शिवाय तेल कंपनी, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन, हे सगळं त्याच एका लिटरमध्ये बसलेलं असतं.

कच्चं तेल स्वस्त झालं की पेट्रोल लगेच स्वस्त होईल असंही नसतं. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा जगात तेलाचा भाव कोसळला होता. पण मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे दहा रुपयांनी वाढवला, त्यामुळे ती स्वस्ताई आपल्यापर्यंत पोहोचली नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच रुपये आणि मे २०२२ मध्ये आठ रुपये कर कमी केला. जुलै २०२२ मध्ये राज्याने पाच रुपये कमी केले. म्हणजे दर वर-खाली होण्यात बाजाराचा हात असतो, तसा सरकारचाही असतो.

जून २०१७ पासून पेट्रोलचा दर रोज सकाळी सहा वाजता बदलू शकतो. मार्च २०२२ मध्ये काय झालं आठवतं का? त्याआधी साडेचार महिने दर हलला नव्हता. मग २२ मार्चपासून ६ एप्रिलपर्यंत, सोळा दिवसांत, लिटरमागे दहा रुपये वाढले. एकदम दहा वाढले असते तर घराघरात ओरड झाली असती. पण ते बहुतेक दिवशी ऐंशी-ऐंशी पैशांनी वाढले. ऐंशी पैसे कोण मोजतं? भांड्याला बारीक भोक पडावं तसं हे असतं. थेंब दिसत नाही, संध्याकाळी भांडं रिकामं दिसतं.

"शंभरचं टाक"

आता आपल्या सवयीकडे या. आपल्याकडे लिटरने पेट्रोल टाकणारे थोडे. पंपावर उभं राहायचं आणि म्हणायचं, "शंभरचं टाक." आमच्या एक मावशी म्हणाल्या, "दर वाढला तर वाढू दे, आमची शंभरची नोट तीच आहे ना?" नोट तीच आहे मावशी, वाट मात्र कमी झाली.

हिशोब करून बघा. घरची गाडी एका लिटरला पन्नास किलोमीटर ॲव्हरेज देते असं धरू. २०२० च्या सुरुवातीला दर ऐंशीच्या आसपास होता. तेव्हा शंभरच्या पेट्रोलमध्ये सव्वा लिटर यायचं, म्हणजे साधारण ६२ किलोमीटर. दर १०५ धरला, तर शंभरमध्ये एक लिटरही येत नाही. गाडी चालते ४७ किलोमीटर. त्याच नोटेत पंधरा किलोमीटर कमी. मग शंभरची नोट आठवड्यात दोनदा ऐवजी तीनदा लागते, आणि घरात कोणी म्हणत नाही की खर्च वाढला. कारण तोंडात शब्द तोच, "शंभरचं टाकलं."

म्हणून पहिली सवय बदलायची ती बोलण्याची. रुपयांऐवजी किलोमीटर बोलायचं. दर १०५ आणि ॲव्हरेज पन्नास असेल, तर एक किलोमीटरला दोन रुपये दहा पैसे पडतात. सोपं म्हणून दोन रुपये लक्षात ठेवा. तालुका वीस किलोमीटर असेल, तर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, म्हणजे ८४ रुपये. एक नारळ विसरला म्हणून परत गेलात, तर तो नारळ ८४ रुपये जास्त देऊन आणला. आम्ही इथे १०५ धरलेत ते हिशोबापुरते. तुमच्या पंपावर आज जो दर असेल तो घाला.

आता महिन्याचं बघू. रोज सरासरी वीस किलोमीटर गाडी फिरली तर महिन्याला सहाशे किलोमीटर, म्हणजे बारा लिटर. बारा गुणिले १०५, झाले १२६० रुपये. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये खात्यावर येतात, त्यातले बाराशे साठ म्हणजे गाडीच्या टाकीइतकेच झाले. २०२५-२६ मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. उन्हात दिवसभर खड्डे खणून जी हजेरी मिळते, त्यात जेमतेम तीन लिटर पेट्रोल. आणि लिटरमागे दहा रुपये वाढले, तर बारा लिटरला १२० रुपये वाढले. एका ताईची महिन्याची बचत त्यात गेली, वर वीस रुपये गेले. गटाची बचत कुठे जात होती, ते असं आम्हाला सापडलं.

गाडी नसली तरी पेट्रोल भरावं लागतं

ज्यांच्या घरी गाडी नाही त्या म्हणतील, आम्हाला काय त्याचं? पण पेट्रोल-डिझेल वाढलं की जीपवाला सीटमागे भाडं वाढवतो. मजुरीला जाणाऱ्या बायांचा रोज तोच राहतो, जीपचं भाडं मात्र त्यातून वळतं होतं. ट्रॅक्टरवाला नांगरटीचा दर वाढवतो. मिरची नंदुरबारच्या बाजारात नेणारा पिकअपवाला गोणीमागे दोन पैसे जास्त घेतो. किराणा दुकानदार शहाद्याहून माल आणतो, तो आपलं भाडं मीठ-तेलावर चढवतो. आणि एक गंमत बघा. डिझेल उतरलं तरी ही वाढलेली भाडी सहसा खाली येत नाहीत. म्हणून भाडं वाढवायला कोणी आलं की डिझेल किती वाढलं ते विचारा. आणि डिझेल उतरलं की आपणहून जाऊन सांगा, "दादा, आता भाडं कमी करा." एकटी बाई म्हणाली तर हसतील, दहा जणींचा गट म्हणाला तर बसून बोलतील.

वरच्या पाड्यांवर पेट्रोल बाटलीतून विकत मिळतं. पंपापेक्षा दर जास्त, बाटली पूर्ण लिटरभर असेलच असं नाही, आणि आत काय मिसळलंय ते कळत नाही. अडीनडीला घ्यावं लागतं, हे आम्हालाही माहीत आहे. पण ती बाटली घरात, चुलीजवळ, लेकरांच्या हाताशी कधी ठेवू नका. पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण लांबच्या ठिणगीनेही पेट घेते.

गुजरातचं पेट्रोल खरंच स्वस्त पडतं का?

आपला जिल्हा सीमेवरचा. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. गुजरातमध्ये पेट्रोलवरचा कर आपल्यापेक्षा कमी आहे. २०२४-२५ मध्ये लिटरमागे नऊ-दहा रुपयांचा फरक पडायचा. म्हणून उच्छल, निझर, कुकरमुंडा, सागबारा या बाजूंना आपली माणसं पेट्रोल भरायला जातात.

हिशोब करा. सीमेपलीकडचा पंप दहा किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन वीस किलोमीटर, त्यात जळतं जवळपास चाळीस रुपयांचं पेट्रोल. पाच लिटर भरलं आणि लिटरमागे दहा रुपये वाचले, तर वाचले पन्नास. हातात उरले दहा रुपये आणि गेला एक तास. दोन लिटर भरलं तर वाचले वीस, जळले चाळीस. म्हणजे स्वस्ताईच्या नावाने वीस रुपये घालवले. मजुरीला, पाहुण्यांकडे किंवा देवमोगरा मातेच्या यात्रेला त्या बाजूला जायचंच असेल, तर येताना जरूर भरा. फक्त पेट्रोलसाठी जाऊ नका. आणि कॅन भरून आणू नका, ते धोक्याचं आहे.

गाडी चालवणाऱ्याला सांगायच्या गोष्टी

हा भाग घरातल्या दादाला, भाऊला, लेकाला जवळ बसवून ऐकवा. आता आपल्यातल्याही बऱ्याच जणी स्कूटी चालवतात, त्यांनीही ऐका.

गाडी चाळीस ते पन्नासच्या वेगाने सारखी चालवली की ॲव्हरेज चांगलं मिळतं. एकदम पळवायची, एकदम ब्रेक दाबायचा, परत पळवायची, यात पेट्रोल सगळ्यात जास्त जातं. टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी ओढावी लागते, म्हणून पंधरा दिवसांनी हवा तपासा. पंपावर हवा भरून मिळणं ही मोफत सोय आहे. क्लचवर सतत बोटं दाबून ठेवायची नाहीत. आपल्या रस्त्यांना धूळ फार, म्हणून एअर फिल्टर वेळच्या वेळी साफ करून घ्या. चेनला तेल द्या. कोणाशी बोलत उभं राहायचं असेल तर इंजिन बंद करा. खूप जण गाडी चालू ठेवूनच गप्पा मारतात.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल उसापासून, मक्यापासून, तांदळापासून करतात. त्यात पेट्रोलपेक्षा ताकद कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं कमी मिळू शकतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट लागतं की नाही ते बघा, आणि गाडी उघड्यावर भिजत ठेवू नका.

एक सवय मात्र आजच सोडायला सांगा. चांदसैलीच्या घाटात, तोरणमाळच्या घाटात पोरं उताराला लागली की इंजिन बंद करून गाडी सोडून देतात. म्हणतात, "पेट्रोल वाचतं." वाचतं ते थेंबभर. गाडी गिअरमध्ये असली आणि हातातला एक्सलेटर सोडला, की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. इंजिन बंद करून न्यूट्रलवर सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतो आणि वळणावर लागत नाही. मागे बायको, मांडीवर लेकरू, आणि समोर दरी. चार रुपयांच्या पेट्रोलसाठी हा जुगार खेळायचा नाही.

पंपावर काटा शून्यावर आहे का ते बघायचं. संशय आला तर पंपावर पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, त्याने मोजून दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे. शंभरऐवजी एकशे दहाचं टाकलं तर जास्त मिळतं, सकाळी थंडाव्यात भरलं तर जास्त मिळतं, असं लोक सांगतात. त्याने काही फरक पडत नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ काय आणि दुपार काय.

एसटी, सोबत आणि एक फेरी

१७ मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं, तरीही एकटीला जायचं असेल तर मोटारसायकलपेक्षा अर्ध्या तिकिटात स्वस्त पडतं. तुमच्या गावच्या गाडीचं तिकीट विचारा आणि त्या ८४ रुपयांशी लावून बघा. पंचाहत्तर वर्षांवरच्या आजी-आजोबांना एसटीचा प्रवास मोफत आहे. पाचवी ते बारावीच्या गावाकडच्या मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, शाळेसाठी निळ्या बसही चालतात. पेट्रोल महाग झालं म्हणून पोरीची शाळा बंद करण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून हे सगळं विचारून घ्या. रुळाजवळची गावं असतील त्यांनी पॅसेंजर गाडीचाही विचार करावा. सुरत-भुसावळ मार्गावर नवापूर आणि नंदुरबार दोन्ही स्टेशनं आहेत.

तुम्ही म्हणाल, "ताई, आमच्या पाड्यावर एसटी येतच नाही." खरं आहे. अडचण तिथेच आहे. त्यासाठी गटाने, ग्रामसंघाने ग्रामसभेत विषय मांडून ठराव घ्यावा आणि तो आगारप्रमुखांना नेऊन द्यावा. कोणत्या पाड्यावरून, किती वाजता, किती बाया आणि किती मुली जातात, ते आकड्यांनी लिहून द्या. एका अर्जाने गाडी सुरू होईलच असं आम्ही म्हणत नाही. पण अर्जच गेला नाही तर कोणाला कळणार?

एसटी येईपर्यंत हातात आहे ते करू. आमच्या गटाने एक साधी गोष्ट सुरू केली. बैठकीच्या शेवटी प्रत्येकीने सांगायचं, या आठवड्यात आपल्या घरची गाडी कधी आणि कुठे जाणार आहे. एकीचा नवरा बुधवारी तालुक्याला जातोय, तर तिघींची औषधं, एकीच्या आधारची पावती, दुसरीच्या शिलाई मशीनचा पट्टा, सगळं तोच आणतो. चार फेऱ्यांची एक फेरी होते. बँकेची छोटी कामं गावातल्या बँक सखीकडे होत असतील तर त्यासाठी तालुक्याला पळायचं नाही. मिरची, कांदा, शेळ्या न्यायच्या असतील तर पाच-सहा घरांनी मिळून एकच पिकअप करायची.

फेरीची वही

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. लेकराची जुनी वही घ्या. दाराजवळ खुंटीला टांगा, दोरीने पेन बांधा. गाडी बाहेर गेली की चार गोष्टी लिहायच्या: तारीख, कुठे, कशासाठी, कोण गेलं. लिहिता येत नसेल तर चित्र काढा. दवाखान्याला फुली, बाजाराला टोपली, शाळेला पाटी, मजुरीला कुदळ, नुसतंच फिरायला गोल. पेट्रोल टाकलं की रुपये लिहा. महिना झाला की घरातल्या सगळ्यांनी मिळून बसा आणि गोल मोजा.

भांडायचं नाही. आमच्या एक वहिनी म्हणाल्या तेच खरं, "तोंडाने बोललं की भांडण होतं, वहीने बोललं की ऐकून घेतात." गाडीवर पुरुषांचीही कामं असतात. दूध घालायचं असतं, मजुरीला जायचं असतं, पाण्याची मोटर दुरुस्तीला न्यायची असते. ती कामं बंद करा असं कोणी म्हणत नाही. फक्त क्रम ठरवा. आमच्या गटाने ठरवलेला क्रम असा आहे: पहिली दवाखान्याची फेरी, दुसरी शाळेची आणि परीक्षेची, तिसरी कमाईची, चौथी बाजाराची, आणि बाकी सगळं त्यानंतर. तुमच्या घरचा क्रम थोडा वेगळा असेल, हरकत नाही. पण पहिला नंबर बदलायचा नाही.

त्यासाठी अजून दोन गोष्टी करा. बाळंतपणाचे दिवस असतील त्या घरात टाकीत दोन लिटर पेट्रोल कायम राखून ठेवा, त्याला कोणी हात लावायचा नाही. आणि १०२ व १०८ हे दोन नंबर भिंतीवर कोळशाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गरोदर बाई आणि लहान बाळासाठी १०२, अचानक आलेल्या कोणत्याही संकटासाठी १०८. दोन्ही गाड्या मोफत आहेत. आमच्या गटाने आपल्या अंतर्गत पैशातून एक छोटी रक्कम फेरीसाठी बाजूला ठेवली आहे. दवाखान्यात जायला पेट्रोल नाही, असं कोणत्याही सभासदाला म्हणावं लागू नये म्हणून. व्याज नाही, जमेल तेव्हा परत करायचं.

जगातली लढाई आपल्या हातात नाही, डॉलर आपल्या हातात नाही, कर कमी-जास्त करणं आपल्या हातात नाही. त्याबद्दल ग्रामसभेत बोलावं, मत मागायला येतील त्यांना विचारावं, तो आपला हक्कच आहे. पण दर वाढला की आपल्या घरात पहिली फेरी कोणाची रद्द होते, हे मात्र आपल्या हातात आहे.

आमच्या त्या सुनेची लेक आता चालायला लागली आहे. बैठकीला येते आणि हिशोबाच्या वहीवर बसते. वहीत मागच्या पानावर एक ओळ आहे, "दंड दहा रुपये, परत केला." ती ओळ आम्ही खोडलेली नाही. कोणी बैठकीला आलं नाही, तर आता आधी विचारतो, "ताई, यायला गाडी होती का?"

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हा विषय काढा. फेरीची वही एक महिना लिहून बघा आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा. तोपर्यंत जपून राहा, गाडी सावकाश चालवा. रामराम.